माउलीचे केस

पिशवी चपलांच्या दुकानातली होती, जाड कागदाची, दोरीचे कान असलेली, आणि नव्या फादरांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली तेव्हा तिला वाटलं, कुणा गरजूला द्यायच्या चपला असतील, जाता जाता पोचवायला सांगतील. ती कामावर निघाली होती. चर्चच्या फाटकासमोर क्षणभर थबकायचं, कपाळ, छाती, खांदे असा हात फिरवायचा आणि पुढे सटकायचं, एवढाच तिचा आतल्या माउलीच्या मूर्तीशी रोजचा संबंध. आज फादर फाटकातच उभे होते. "तुमचीच वस्तू आहे," ते म्हणाले. "टाकून द्यायला मन होईना. चौकशी केली तर सगळ्यांनी तुमचंच घर दाखवलं." तिने आत डोकावलं. वर्तमानपत्राच्या घडीत केस होते. काळे, जाड, टोकांना किंचित तांबूस, एका मळकट कापडी टोपीवर शिवलेले. डांबराच्या गोळ्यांचा आणि मेणबत्त्यांच्या धुराचा वास आला. "टोपीला कसर लागली होती हो," फादर म्हणाले. "सोमवारी मूर्ती पुसायला खाली घेतली तर हातात भुगाच आला. नवे मागवलेत, नायलॉनचे. धुता येतात." "बरं केलंत," ती म्हणाली, फादरांना माणूस दुसरं काय म्हणणार? मग ते हसून म्हणाले, "शुक्रवारी तुमच्या आईंना ख्रिस्तप्रसाद द्यायला येतोय, तेव्हा मीच सांगेन त्यांना. खूश होतील." "नको!" ती एवढ्या जोरात म्हणाली की झाडणाऱ्या बाईने खराटा थांबवून वर पाहिलं. "मी सांगते. तुम्ही नका सांगू." पिशवी हातात घेतली तेव्हा तिचं वजन काहीच लागलं नाही.

तिचं काम कवळ्यांचं. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे ठसे येतात, त्यांत प्लास्टर ओतून साचे काढायचे, साच्यावर मेणाची कड बसवायची आणि त्या मेणात एकेक दात उभा करायचा. पुढे मेण जातं, त्याच्या जागी गुलाबी अ‍ॅक्रिलिक येतं आणि बघता बघता हिरडी होते. टेबलाला टेबल लावून बसलेल्या चौघी बायका दिवसभर दुसऱ्यांचे जबडे हातात धरून असतात आणि तोंडं मात्र आपली चालवतात. आज तिचं तोंड बंद होतं. पिशवी टेबलाखाली पायांशी होती आणि पाय हलवला की कागद कुरकुरत होता. एका म्हाताऱ्याची वरची कवळी लावायची होती. तिने सुळा बसवला, उपटला, पुन्हा बसवला, तो बाहेरच बघत राहिला. शेजारची म्हणाली, "अगं, म्हातारा नवरदेव आहे का? लाव की कसाही." सगळ्या हसल्या. तीही हसली. सुरीचं पातं दिव्यावर तापवताना तिच्या मनात एकच गोष्ट गोल गोल फिरत होती: शुक्रवारच्या आत आईला सांगायला हवं. केस काढले हे सांगायला हवं, आणि ते सांगितलं की दुसरंही सांगावं लागणार. नवश्या मेला, हे.

नवश्या म्हणजे तिचा धाकटा भाऊ. नवसाने वाचला म्हणून नवश्या. शाळेच्या दाखल्यावरचं त्याचं नाव गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. गेल्या वर्षी दूर देशात, ऑफिसच्या जिन्यात, छातीत कळ येऊन तो बसला तो उठलाच नाही. भावजयीचा फोन इथे, याच टेबलाशी आला होता. पॉलिशचं यंत्र घरघरत होतं म्हणून तिने पुन्हा पुन्हा "काय? काय म्हणालीस?" असं विचारलं, आणि त्या बिचारीला तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणावं लागलं. त्याला तिकडेच पुरलं, मागे भावजय आणि एक लहान पोर. आईला कळवायचं नाही असं तिने त्या दिवशी ठरवलं नव्हतं, फक्त आज नको असं ठरवलं होतं. मग दुसऱ्या दिवशीही आज नकोच होतं. आईचे दोन्ही डोळे काचबिंदूने नेलेले, फोन तिला लावता येत नाही, वर्तमानपत्र ती वाचत नाही, खालच्या मजल्यावरच्या काकू दिवसभर सोबत बसतात त्यांना दम भरून ठेवलेला. "त्याचा फोन?" आई विचारायची. "तू झोपली होतीस तेव्हा आला." "मग उठवायचं नाही का?" "तोच म्हणाला, झोपू दे." हळूहळू आई मुलावर रुसली. बायकोच्या मुठीत गेला, म्हणू लागली. मेलेल्या माणसावर असं रोज रोज रुसणारं कुणी ऐकणं म्हणजे मोठी शिक्षा आहे. ती वर्षभर मुकाट भोगत होती.

आणि दर रविवारी प्रार्थनेहून परत आली की आईचा दुसरा प्रश्न. "केस आहेत ना जागेवर?" "आहेत." फोनबद्दल ती खोटं बोलली, केसांबद्दल कधीच नाही. केस खरंच जागेवर होते. भावजयीचा फोन आला त्या आठवड्यात ती प्रार्थनेला पहिल्या बाकावर जाऊन बसली होती, केवळ ते बघायला. माउली काचेआड उभी होती, निळा झगा, जडावलेल्या पापण्या, उजव्या हाताची करंगळी तुटलेली, आणि खांद्यांवरून कमरेपर्यंत तेच केस. एक बट इकडची तिकडे झालेली नव्हती. ती काहीतरी घडेल म्हणून बघत राहिली, काय घडायला हवं होतं ते तिलाही सांगता आलं नसतं. दिव्याची वात हलली. मागच्या बाकावरचं पोर खोकलं.

माउलीबद्दल जेवढी तोंडं तेवढ्या कथा. चर्चच्या पत्रकात छापलंय की ती वादळात फुटलेल्या जहाजातून वाहत आली आणि वाळूत उभीच्या उभी सापडली. बाबा म्हणायचे, "उभी कशी सापडेल? तिला पायच नाहीत." ते खरं होतं. माउलीचं डोकं आणि दोन हात तेवढे कोरलेले, बाकी झग्याखाली नुसता लाकडी पट्ट्यांचा सांगाडा. बाबांचे वडील सुतार, त्यांनी एकदा तो सांगाडा दुरुस्त केला होता, त्यांच्या म्हणण्याप्रमाणे कुठलासा मठ बंद पडला तेव्हा तिथलं सामान विकायला निघालं, त्यात बाकं आणि ताटल्यांबरोबर ही आली, टक्कल पडलेली. तेव्हा एका बाईने, जिची पोरं जगत नव्हती, आपले केस उतरवून तिला दिले. पोर जगलं. मग ती रीतच पडली: जुने केस विरले की कुणीतरी अडलेली बाई नवे द्यायची. माउलीच्या केसांना लावलेला दोरा बाळंतिणीच्या मनगटाला बांधायचे. तापाच्या पोराच्या उशाखाली ठेवायचे. लोक असंही सांगायचे की माउलीचे केस वाढतात. यावर बाबा विचारायचे, "वाढतात तर मग कापतं कोण?" आणि आई त्यांच्याकडे असं बघायची की बाबा पेपर तोंडासमोर धरायचे.

नवश्याला मेंदूचा ताप आला तेव्हा ती शाळकरी पोर होती. घरातला तो वास तिला अजून आठवतो, ओल्या फडक्यांचा, औषधाचा, आणि पोराच्या तोंडाचा तो गोडसर वास, ज्याने मोठी माणसं एकमेकांकडे बघेनाशी झाली होती. आईचे स्वतःचे केस बाळंतपणांत गळून उंदराची शेपटी झालेले. घरात देण्यासारखे केस एकाच डोक्यावर होते. आईने तिला मोरीत स्टुलावर बसवलं. रोज सकाळी त्याच स्टुलावर ती बसायची आणि आई मागे उभी राहून, बाईंच्या, शेजारणींच्या, नवश्याच्या नाना गोष्टी सांगत तीन पेड घालायची; दिवसातली ती एकच वेळ आई फक्त तिची असायची. तिला वाटलं वेणीच घालायचीय. आईने वेणी घातलीही, घट्ट, आणि मग मानेशी थंडगार काहीतरी लागलं आणि करकर आवाज झाला. जाड केस कापताना तो आवाज कानात होत नाही, कवटीत होतो. डोकं एकदम हलकं झालं, एवढं हलकं की ती पुढे पडणार होती. तिला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर तिने दिले असते, नवश्यासाठी तिने हातही कापून दिला असता, पण विचारलं नव्हतं. आईने वेणी फडक्यात गुंडाळली आणि तिला तसंच हाताला धरून चर्चमध्ये नेलं. काचेपाशी उभी राहून आई मोठ्याने म्हणाली, "जोवर हे केस तुझ्या डोक्यावर आहेत, तोवर माझं पोर माझ्या पदरात ठेव."

ताप उतरला. बाबा म्हणाले, मोठ्या दवाखान्यातून मागवलेलं इंजेक्शन लागू पडलं. आई म्हणाली, इंजेक्शन आधीपासून चालू होतं, तेव्हा का नाही पडलं? पुढच्या रविवारी माउली तिच्या केसांत उभी होती. सगळं चर्च गुडघ्यांवर, आणि ती त्यांच्यात, कानांपर्यंत बाबांनी आणलेली लोकरी टोपी ओढून. आठवडाभरापूर्वी ज्या केसांतून आईने उवा काढल्या होत्या त्यांच्याकडे बघून बायका डोळे पुसत होत्या. तिला हसू आलं, मग भीती वाटली. गल्लीतली पोरं तिला बोडकी म्हणू लागली. केस परत येतील, तोवर म्हणू देत, असं तिने मनाशी ठरवलं होतं. पण केस मानेला लागले तशी आई पुन्हा कात्री घेऊन आली. "दिलेलं परत उगवलं तर ते दिलंच नाही असं होतं," आई म्हणाली. हा नियम आईने स्वतःच्या डोक्यातून काढला होता, जुन्या फादरांनी समजावलं, "असं काही नाही हो बाई, वाढू द्या पोरीचे." आई म्हणाली, "नियम तुमचे, पोर माझं." पोर म्हणजे नवश्या. दर महिन्याला कात्री, आणि काम उरकायचं म्हणून भराभर, गोष्टी न सांगता. स्टुलावरच्या त्या सकाळी गेल्या त्या गेल्याच. पुढे आईचे डोळे गेले तशी कात्री तिने स्वतःच्या हातात घेतली. स्थळं आली ती दारातूनच डोक्याकडे बघून गेली, काहींनी हळूच विचारलं, काही आजार वगैरे? नवश्या मोठा झाल्यावर थट्टेने म्हणायचा, "ताई, माझा जीव तुझ्या वेणीला टांगलाय, माउलीला सांग मान फार हलवू नकोस." तो भला होता. त्याच्यावर तिला कधी रागावता आलं नाही, आणि ज्याच्यावर रागवावं असं दुसरं कुणी नव्हतं, एक आई सोडून.

दुपारनंतर सुळा बसला. तिने कवळी पाण्यात ठेवली, हात धुतले, आरशात बघून मानेवरची केसांची गाठ चाचपली. नवश्या गेला त्या महिन्यात केस कापायचं राहून गेलं होतं. पुढच्या महिन्यात राहून गेलं नव्हतं, तिने कापले नाहीत. कुणासाठी कापायचे? आता ते खांद्यांखाली आले होते, बरेचसे पांढरे, चरचरीत, आणि ती ते आवळून, वर रुमाल बांधून हिंडायची. आंधळ्या आईपासून लपवायला रुमालाची गरज नव्हती. आईने तिच्या डोक्याला हात लावून एक आयुष्य झालं होतं.

घरी चालत जाताना तिने दोन्ही वाक्यं मनात म्हणून पाहिली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत. खरं सांगायचं तर, आई, नवश्या गेल्या वर्षीच गेला, आणि तेव्हा केस माउलीच्या डोक्यावरच होते, सगळेच्या सगळे, तू विचारायचीस आणि मी सांगायचे तसे. म्हणजे तुझा नवस कधी नव्हताच. म्हणजे ती करकर, ती टोपी, दर महिन्याची ती कात्री, सगळं फुकट. हे वाक्य म्हणताना तिच्या पोटात काहीतरी गरम झालं, आणि तो आनंद आहे हे कळल्यावर तिला स्वतःची किळस आली. तरी तिने ते पुन्हा म्हटलं. दुसरं वाक्य सोपं होतं. आधी केस काढले, मग नवश्या गेला. फादरांच्या कसरीने आईची श्रद्धा राखून ठेवली होती, नुसती उचलून तिच्या ओंजळीत द्यायची. पण तिला श्रद्धा राखायची नव्हती. तिला एवढंच हवं होतं की आईने एकदा, मरायच्या आधी एकदा, म्हणावं, पोरी, तुला फार लागलं का गं तेव्हा? खरं ऐकल्यावर तरी म्हणेल. जिना चढेपर्यंत तिचं ठरलं होतं. खरंच सांगायचं.

आई खिडकीपाशी खुर्चीत होती. काकू चहाची कपबशी विसळून, पदराला हात पुसत खाली गेल्या. "काय आणलंस? कागद वाजतोय," आई म्हणाली. ती आईसमोर जमिनीवर बसली, वर्तमानपत्र उलगडलं आणि केस आईच्या मांडीवर ठेवले.

आईचे हात आधी दचकले. मग बोटं केसांत शिरली, मुळांकडे टोपीच्या शिवणीपर्यंत गेली, टोकांशी आली, आणि थांबली. आईने ओळखले. एवढ्या वर्षांनी, डोळ्यांवाचून, आईने ते क्षणात ओळखले. आईची बोटं आपोआप चालायला लागली. त्यांनी केसांचे तीन भाग केले. एक पेड, दुसरा पेड, तिसरा. आई तिची वेणी घालत होती. ती समोर बसून बघत होती, मान जराशी मागे टाकून, मानेला ओढ बसतेय असं तिला वाटत होतं. वेणी अर्ध्यावर आली आणि हात थबकले.

"कुणी काढले?"

"नव्या फादरांनी. कसर लागली होती."

"कधी?"

"सोमवारी."

आईचा चेहरा खिडकीकडे होता. बाहेर कुणीतरी वाळत घातलेल्या चादरी काढत होतं, झटकल्याचा आवाज येत होता. "आणि तो?" आई म्हणाली. "कधी गेला?"

गेल्या वर्षी. दोनच शब्द होते, दिवसभर घोटलेले. पण आईची बोटं अजून त्या अर्ध्या वेणीत होती, नखं पिवळी पडलेली, सांधे सुजलेले, आणि पेड सुटू नयेत म्हणून त्यांनी ते घट्ट धरून ठेवले होते. ते हात रिकामे करायचं तिच्या जिवावर आलं.

"काल," ती म्हणाली. "मंगळवारी. झोपेत गेला."

आई रडली नाही. तिने सावकाश मान हलवली, ऐकलेलं पटल्यासारखी. "म्हणजे माउलीनं शब्द पाळला," ती म्हणाली. "शेवटपर्यंत पाळला. मोडला तो माणसांनी." आईचे ओठ हलत होते, आवाज नव्हता, आणि डोळ्यांतून आता पाणी येत होतं, पण चेहरा तसाच होता. "इकडे ये," आई म्हणाली. "जवळ ये पोरी."

ती गुडघ्यांवर सरकत गेली. आईने हात पुढे केला, तिचं कपाळ चाचपलं, रुमाल मागे सारला आणि डोक्यावर तळवा ठेवला. तो कोरडा, गरम होता. तिने डोळे मिटले. आता विचारेल, तिला वाटलं, आता विचारेल, आणि ती म्हणणार होती, नाही गं आई, फार नाही लागलं. हात डोक्यावरून मागे गेला, कानामागून मानेवर उतरला, गाठीपाशी अडला. बोटांनी गाठ सोडली. केस खांद्यांवर पडले. आईने ते टोकापर्यंत ओढून पाहिले, मग दुसऱ्यांदा.

"हे कधीपासून?"

तिने डोळे उघडले.

"वर्षाचे आहेत," आई म्हणाली. आवाज शांत होता, पीठ चाळून झाल्यावर काय उरलं ते सांगावं तसा. "तरीच. तरीच त्याचा आवाज ऐकू येईना. फादरला उगाच बोलले मी. तिकडे माउलीचं डोकं राखलं सगळ्यांनी, आणि तू घरात बसून आपले वाढवत होतीस."

तो गेल्यावर वाढवले, आई. तो गेल्यानंतर. हे वाक्य तिच्या दातांपर्यंत आलं. ते बोललं की ती सुटत होती, आणि आईच्या मांडीवर मग मेलेल्या मुलाशिवाय काहीच उरत नव्हतं, नवस नाही, माउली नाही, मोरीतली ती सकाळसुद्धा नाही. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"कात्री आण," आई म्हणाली.

"आता कुणासाठी आई? तो गेला."

"त्याचं पोर आहे ना तिकडे," आई म्हणाली. "उठ."

ती उठली. कात्री शिलाईच्या डब्यात होती. ती आणून तिने आईच्या हातात दिली आणि पाठ करून तिच्या पायांशी बसली. आईने डाव्या हाताने तिचे केस गोळा केले, विंचरल्यासारखी बोटं फिरवून गुंता सोडवला, आणि सवयीने, अगदी जुन्या सवयीने, मानेवरचे बारीक केस अंगठ्याने बाजूला केले. तिला बरं वाटलं. आई पुढे वाकल्यामुळे तिचा श्वास कानाशी येत होता, आणि तिने मान आणखी खाली घातली, आईला नीट कापता यावं म्हणून.